पुढचं यान गाठायचंय? मग ब्रेक मारा!

सुरुवातीलाच एक कोडं घालते. तुम्ही एका अवकाशयानात बसला आहात. पृथ्वीपासून ४०० किलोमीटर उंचीवर, अगदी गोल कक्षेत तुमचं यान फिरतंय. त्याच कक्षेत, तुमच्या १०० किलोमीटर पुढे, दुसरं एक यान आहे आणि तुम्हाला ते गाठायचं आहे. हाताशी एक छोटं इंजिन आहे. काय कराल?

दहा सेकंद थांबा, उत्तर मनात पक्कं करा आणि मगच पुढे वाचा.

"त्यात काय, इंजिन चालू करायचं आणि वेग वाढवायचा" असं उत्तर आलं असेल, तर तुम्ही एकटे नाही. हायवेवर पुढची गाडी गाठायला आपण अ‍ॅक्सिलरेटरच दाबतो. कक्षेत फिरताना मात्र असं केलंत, तर थोड्या वेळानं पुढचं यान आणखी लांब गेलेलं दिसेल. ते गाठायचं तर आधी वेग कमी करावा लागतो.

विश्वास बसत नाही ना? ३ जून १९६५ रोजी जेमिनी-४ हे यान घेऊन उडालेल्या जेम्स मॅकडिव्हिट यांची अडचण हीच झाली होती. ज्या टायटन रॉकेटनं त्यांना वर नेलं, त्याचाच रिकामा झालेला दुसरा टप्पा जवळपास तरंगत होता. त्याच्याजवळ जाऊन दाखवायचं असं ठरलं होतं. मॅकडिव्हिट कसलेले वैमानिक. त्यांनी यानाचं तोंड त्या टप्प्याकडे केलं आणि इंजिन चालू केलं. टप्पा जवळ येण्याऐवजी दूरच जायला लागला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. इंधन भराभर संपायला लागलं तेव्हा नाद सोडून द्यावा लागला.

गंमत म्हणजे याचं गणित तेव्हाही माहीत होतं. बझ ऑल्ड्रिन यांनी १९६३ साली एमआयटीमध्ये डॉक्टरेट केली, ती कक्षेतल्या दोन यानांची भेट कशी घडवायची याच विषयावर. सहा महिन्यांनी, १५ डिसेंबर १९६५ रोजी, जेमिनी-६ए हे यान जेमिनी-७ पासून अवघ्या ३० सेंटीमीटरपर्यंत पोहोचलं. गणित कागदावर असणं आणि ते हातात असणं यात किती अंतर असतं, ते या दोन उड्डाणांमधून दिसतं. आजचा लेख त्या अंतराबद्दलच आहे, आणि ते कमी करणाऱ्या एका व्हिडिओ गेमबद्दल.

ब्रेक मारून पुढे कसं जाता येतं?

आधी कोडं सोडवून टाकू. ४०० किलोमीटर उंचीवरचं यान सेकंदाला साधारण ७.६७ किलोमीटर वेगानं जातं आणि ९२.४ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी पुरी करतं. पुढचं यान १०० किलोमीटर पुढे आहे, म्हणजे वेळेच्या हिशोबात ते आपल्यापेक्षा फक्त १३ सेकंद पुढे आहे. आपली एक फेरी १३ सेकंदांनी लवकर पुरी झाली की काम झालं.

फेरी लवकर कशी पुरी होईल? धावण्याच्या मैदानावर आतल्या पट्ट्यात पळणाऱ्याला अंतर कमी पडतं. कक्षांचंही तसंच आहे, आणि वर आणखी एक फायदा: पृथ्वीच्या जितकं जवळ, तितका वेगही जास्त. मग आतल्या कक्षेत शिरायचं कसं? यान उलटं फिरवून इंजिन चालू करायचं, म्हणजे ब्रेक मारायचा. वेग जरा कमी झाला की यान पृथ्वीकडे थोडं घसरतं, घसरताना वेग कमावतं, आणि एकूण फेरी लहान होते.

किती ब्रेक मारायचा? वेगात फरक छोटा असेल तर एक सोपा ठोकताळा चालतो: वेग जितके टक्के कमी कराल, त्याच्या तिप्पट टक्के फेरीचा वेळ कमी होतो. आपल्याला ९२.४ मिनिटांतले १३ सेकंद वाचवायचे आहेत. उत्तर येतं सेकंदाला ६ मीटर. जेमतेम सायकलच्या वेगाइतका फरक! तेवढा ब्रेक मारा, एक फेरी वाट पाहा, आणि तुम्ही बरोबर त्या यानाशेजारी येता. तिथे तेवढाच वेग पुन्हा वाढवला की दोघंही एकाच कक्षेत. त्याऐवजी सुरुवातीला सेकंदाला ६ मीटरनं वेग वाढवला असता, तर एका फेरीनंतर अंतर १०० वरून २०० किलोमीटर झालं असतं.

ताईकडची सुट्टी

डिसेंबर २०२४ मध्ये ख्रिसमसच्या सुट्टीत मी न्यू जर्सीला ताईकडे गेले होते. घरात पाऊल टाकताच ताईचं सुरू झालं, "तू तरी सांग गं त्याला. दिवसभर नुसती रॉकेटं उडवत बसतो." तो म्हणजे माझा बारा वर्षांचा भाचा. आणि रॉकेटं म्हणजे 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'.

हा गेम मेक्सिको सिटीतल्या स्क्वॉड नावाच्या कंपनीनं काढला, फेलिपे फालांगे या तरुणाच्या कल्पनेतून. पहिली आवृत्ती २०११ साली आली आणि पूर्ण गेम २०१५ साली. कर्बिन नावाच्या ग्रहावर राहणाऱ्या छोट्या हिरव्या प्राण्यांसाठी तुम्ही रॉकेट बांधायचं: टाक्या, इंजिनं, टप्पे, पॅराशूट. मग ते उडवायचं. पहिली पाच-दहा रॉकेटं हमखास फुटतात. यात गोळीबार नाही, राक्षस नाहीत. शत्रू एकच, गुरुत्वाकर्षण. २०१४ साली तर नासाच्या सहकार्यानं लघुग्रह पकडण्याची मोहीम या गेममध्ये घालण्यात आली. फिनलंडच्या एका कंपनीनं शाळांसाठी याची वेगळी आवृत्तीही काढली होती.

भाच्यानं मला दोन यानं जोडून दाखवली. मग म्हणाला, "मावशी, आता तू कर."

इथे एक कबुली देते. पीएचडी करत असताना मी पदवीच्या विद्यार्थ्यांचे भौतिकशास्त्राचे तास घेत असे. कक्षांची सूत्रं मी फळ्यावर कितीदा सोडवली असतील याची गणती नाही. माउस हातात घेतला, समोर लांबवर दुसरं यान दिसलं, आणि मी यानाचं तोंड त्याच्याकडे करून इंजिन चालू केलं. मॅकडिव्हिट यांनी केलं होतं अगदी तेच.

"मावशी, नो! उलटं करायचं!" भाचा ओरडला.

सूत्र मला येत होतं, बोटांना येत नव्हतं. भाच्याचं बरोबर उलट. मी त्याला विचारलं, "उलटं का करायचं?" तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "गेममध्ये तसंच होतं."

त्या एका वाक्यात या माध्यमाची ताकद आणि उणीव दोन्ही होत्या. ताई म्हणत होती तसा तो वेळ वाया घालवत नव्हता. पण "गेम खेळून तो विज्ञान शिकतोय" असं म्हणणंही अजून पुरतं खरं नव्हतं.

कासवाची लाथ

हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. १९८० च्या सुमाराला एमआयटीमध्ये अँड्रिया डिसेसा यांनी संगणकाच्या पडद्यावर एक कासव सोडलं. त्याचं नाव डायनाटर्टल. हे कासव न्यूटनच्या नियमांनी चालतं. तुम्ही त्याला हव्या त्या दिशेला वळवायचं आणि लाथ मारायची. खेळ साधा: कासव समोरच्या खुणेवर नेऊन आदळायचं.

समजा कासव वरच्या दिशेनं चाललंय आणि खूण उजवीकडे आहे. मुलं कासवाला उजवीकडे वळवून लाथ मारत आणि ते सरळ उजवीकडे जाईल अशी वाट पाहत. पण आधीचा वेग कुठे नाहीसा होतो? कासव तिरकं जाई आणि खूण हुकायची. अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी ही चूक केली, यात नवल नाही. नवल हे की एमआयटीत शिकणाऱ्या, भौतिकशास्त्र झालेल्या विद्यार्थिनीनंही सुरुवातीला जवळपास तसंच केलं. १९८२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'ढकलू त्या दिशेला वस्तू जाते' ही आपली जुनी समजूत परीक्षेत उत्तीर्ण झाल्यानं जात नाही. ती कोपऱ्यात दडून बसते आणि संधी मिळताच बाहेर येते. तिला बाहेर काढणारी अशी संधी गेम देतो, आणि चूक झाली की ताबडतोब, कुणी न रागावता, दाखवून देतो.

याची पुढची पायरी बार्बरा व्हाइट यांनी गाठली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'थिंकरटूल्स' या प्रयोगात सहावीच्या मुलांनी अशाच एका पडद्यावरच्या ठिपक्याला टिचक्या मारत न्यूटनच्या नियमांशी ओळख करून घेतली. नंतर बल आणि गतीच्या प्रश्नांमध्ये या मुलांनी नेहमीच्या पद्धतीनं भौतिकशास्त्र शिकलेल्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना मागे टाकलं.

पण यातली महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. मुलांना नुसतं खेळायला सोडलं नव्हतं. खेळून झालं की त्यांच्यापुढे काही नियम ठेवले जात. यातला कुठला खरा, कुठला खोटा, कुठला सगळीकडे लागू पडतो, यावर ती वाद घालत. मग तोच नियम पडद्याबाहेरच्या खऱ्या जगात चालतो का ते पाहत. खेळानं अनुभव दिला आणि वादानं त्याचं विज्ञान झालं.

शर्करावगुंठित गोळ्या

"म्हणजे मुलांना शैक्षणिक गेम आणून द्यायचे का?" असं विचाराल तर जरा जपून, असं म्हणेन. बाजारातले बरेचसे 'शैक्षणिक' गेम म्हणजे शर्करावगुंठित गोळ्या असतात. माकड उड्या मारतं, नाणी गोळा करतं, आणि मध्येच एक प्रश्न येतो: पाण्याचं रासायनिक सूत्र काय? बरोबर उत्तर दिलं की पुन्हा उड्या. यात विज्ञान म्हणजे टोलनाका झाला. कधी एकदा पार होतोय असं मुलाला वाटतं.

साखर वरून लावली आहे की पदार्थच गोड आहे, यानं किती फरक पडतो याचा इंग्लंडमध्ये छान प्रयोग झाला. जेकब हॅबगुड आणि शॅरन एन्सवर्थ यांनी 'झॉम्बी डिव्हिजन' नावाचा भागाकाराचा गेम बनवला. सांगाड्यांच्या छातीवर आकडे असतात आणि त्या आकड्याला नेमका भाग जाईल असं शस्त्र निवडलं तरच सांगाडा पडतो. दुसऱ्या आवृत्तीत लढाई तीच, पण छातीवर आकडे नाहीत. भागाकाराचे प्रश्न टप्प्यांच्या मध्ये वेगळे विचारलेले. सारख्या वेळात पहिल्या आवृत्तीतली मुलं जास्त शिकली. आणि हवा तो गेम खेळा असं सांगितल्यावर मुलांनी पहिल्या आवृत्तीला दुसरीच्या सातपट वेळ दिला. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झालं.

म्हणून गेम निवडताना मी एकच गोष्ट बघते: यातलं विज्ञान काढून टाकलं तर गेम उरतो का? कर्बलमधून गुरुत्वाकर्षण काढलं तर काहीच उरत नाही.

गेम जिथे खोटं बोलतो

आता माझा सगळ्यात आवडता भाग. प्रत्येक गेम कुठे ना कुठे खोटं बोलतो, आणि ते खोटं पकडणं हा विज्ञानाचा उत्तम धडा असतो.

कर्बिनची त्रिज्या आहे ६०० किलोमीटर. पृथ्वीची ६,३७१. पण दोन्हींच्या पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण सारखंच. ग्रह लहान असल्यामुळे तिथे १०० किलोमीटर उंचीच्या कक्षेत राहायला सेकंदाला सव्वादोन किलोमीटर वेग पुरतो, तर पृथ्वीभोवती जवळजवळ आठ लागतो. त्यामुळे छोट्या रॉकेटनं काम भागतं आणि गेम खेळण्याजोगा होतो. पण किंमत बघा. पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण तेच ठेवून त्रिज्या दहापटींहून कमी केली, तर घनता तितक्याच पटीनं वाढायला हवी. पृथ्वीची सरासरी घनता घनसेंटीमीटरला ५.५ ग्रॅम आहे, म्हणजे कर्बिनची सुमारे ५८. सोन्याची असते १९.३. पृथ्वीवर सापडणाऱ्या मूलद्रव्यांत सर्वांत घन असलेल्या ऑस्मियमची २२.६. भाच्याला हा हिशोब करायला लावला तेव्हा तो आधी चिडला, आपल्या आवडत्या ग्रहाबद्दल कुणी वावगं बोललेलं खपत नाही ना! मग दुपारभर गेममधल्या बाकीच्या ग्रहांची घनता काढत बसला. गेम बंद होता.

दुसरं खोटं जास्त खोल आहे. या गेममध्ये एका वेळी एकच गोल यानाला ओढतो. कर्बिनच्या प्रभावक्षेत्रात असेपर्यंत फक्त कर्बिन, तिथून बाहेर पडलं की फक्त सूर्य. हिशोब सोपा होतो, बहुतेक वेळा चालूनही जातो. पण भारताचं आदित्य-एल१ आठवा. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला असलेल्या एल-१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचलं. आता मघाचा नियम लावा. आदित्य पृथ्वीपेक्षा सूर्याच्या जवळ, म्हणजे आतल्या पट्ट्यात. मग ते पृथ्वीला मागे टाकून पुढे निघून जायला हवं. जात का नाही? कारण पृथ्वी त्याला मागे ओढून धरते. सूर्याची ओढ तेवढी कमी पडते, आणि आदित्यचंही वर्ष बरोबर पृथ्वीइतकं होतं. दोन गोलांची ओढ एकाच वेळी धरल्याशिवाय हा बिंदू तयारच होत नाही. म्हणून मूळ कर्बल गेममध्ये आदित्य-एल१ ची मोहीम अशक्य आहे, कितीही मोठं रॉकेट बांधा.

हे समजल्यावर भाचा म्हणाला, "म्हणजे इस्रो करू शकते ते गेम करू शकत नाही?" या प्रश्नासाठी मी त्याचे गेमवर गेलेले सगळे तास माफ केले.

शेजारी बसा

त्याच सुट्टीत, ३० डिसेंबरला, आम्ही सगळ्यांनी मिळून श्रीहरिकोट्याहून उडालेलं पीएसएलव्ही-सी६० पाहिलं. त्यात स्पेडेक्स मोहिमेचे प्रत्येकी २२० किलोचे दोन उपग्रह होते. ते कक्षेत एकमेकांना जोडायचे होते. मी परत आले, जानेवारी उजाडला आणि जोडणीची तारीख पुढे जाऊ लागली. एका टप्प्यावर उपग्रहांचं सरकणं अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्यानं इस्रोनं जोडणी पुढे ढकलली. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांनी विचारलं, "दोन डबे जोडायला इतके दिवस कशाला लागतात?"

उत्तर भाच्यानं दिलं, आवाजी संदेशात, अडखळत्या मराठीत. "आजोबा, ते सरळ पुढे नाही जाऊ शकत. पुढे ढकललं की वर जातं आणि मग मागे पडतं. म्हणून हळूहळू करायचं." १६ जानेवारी २०२५ रोजी जोडणी यशस्वी झाली आणि अमेरिका, रशिया, चीन यांच्यानंतर भारत असं करणारा चौथा देश ठरला. आजोबांनी अभिनंदन इस्रोचं केलं आणि नातवाचंही.

तर "पुरे झालं, बंद कर" म्हणण्याआधी एकदा मुलाच्या शेजारी बसून पाहा. तज्ज्ञ असायची गरज नाही, तीन प्रश्न पुरतात. बटण दाबण्याआधी: "आता काय होईल असं तुला वाटतं?" दाबल्यानंतर: "तसं का झालं?" आणि गेम संपल्यावर: "खऱ्या जगात हे असंच होईल का?" पहिल्या प्रश्नानं अंदाज बांधायची सवय लागते, दुसऱ्यानं कारण शोधायची, तिसऱ्यानं तपासून पाहायची. प्रयोगशाळेत आम्हीही दिवसभर याहून वेगळं काही करत नाही.

गेम विकत घ्यायचा नसेल तर कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशनं मोफत आहेत. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या कार्ल वीमन यांनी २००२ साली हा उपक्रम सुरू केला. त्यातली काही मराठीतही आहेत. 'गुरुत्वाकर्षण आणि कक्षा' हे उघडा, सूर्याचं वस्तुमान बदला आणि पृथ्वीचं काय होतं त्याचा अंदाज आधी मुलांना सांगू द्या. त्यांनी तुम्हाला विचारलं तर तुम्हीही सांगा. चुकलात तरी हरकत नाही. मी चुकले तेव्हा भाच्याला जो आनंद झाला, त्यानंतरच तो माझं गणित ऐकायला तयार झाला.

ताई अजूनही अधूनमधून फोनवर तक्रार करते. फक्त तक्रार बदलली आहे. परवा म्हणाली, "काल त्यानं मला यान चालवायला दिलं. मी ब्रेकच मारला गं, तरी आदळलंच! असं का झालं असेल?"